हातभर शिसव

“रफीक, आवळ अजून. ढिला सोडलास तर ही माणसं म्हणतील, दौलूमामा खालच्या फटीतनं बघतोय.”

“अजून आवळला तर डोळं कानातनं बाहेर येतील मामा,” रफीक म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांवरचा पंचा एकदा ओढून त्यानं मागं गाठ मारली.

मी स्टुलावर. समोर टेबल, टेबलावर जुनी चादर आणि चादरीखाली पाच नग झाकलेले. डाव्या अंगाला सटुप्पा बसला होता. ते मला बघावं लागत नव्हतं. त्याच्या कपड्यांना बारा महिने ओल्या पाल्याचा आणि विडीचा वास असायचा.

“सटुप्पा, पेढं कवा?” मी विचारलं.

“ऑर्डर हातात पडू दे की मर्दा.”

“पडल्यातच जमा हाय. यादी वर गेल्या. सातवं नाव तुझं.”

“यादीत नाव आणि हातात कागद यात लई अंतर असतंय दौलू. एकुणीस वर्सं चालतोय, अजून संपंना.”

सगळे हसले. सटुप्पाही हसला असेल. तो हसला तरी आवाज यायचा नाही.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. सटुप्पा वनखात्यात रोजंदारीवर होता. रोपं लावायची, उन्हाळ्यात वणव्यासाठी जाळरेषा काढायच्या, आणि शेवटची आठ वर्षं सातेरीच्या राईची राखण. सातेरी म्हणजे आमची गावदेवी. तिच्या राईतलं वाळकं पानसुद्धा कुणी घरी आणत नाही. एकोणीस वर्षं त्यानं रोजावर काढली आणि त्या साली खात्यानं जुन्या मजुरांची नावं कायम करायला घेतली. कायम झाला की पगार, पेन्शन, खाकी कपडा. त्याच्या बायकोनं, यल्लूबाईनं, शिंप्याकडं माप देऊनसुद्धा ठेवलं होतं. सटुप्पा तिच्यावर ओरडला होता, “अगं, कागद तरी येऊ दे.” ती म्हणाली होती, “तुमचा कागद येईस्तोवर शिंपी मरंल.”

आणि आमचं हे काय चाललं होतं, तर ते आमचं कातकाम मंडळ. नाव मोठं, माणसं पाच-सहा. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या बेनाडीकर सरांनी ते काढलं. मी ज्या वखारीत करवतीवर होतो, तिच्या मागं एक पत्र्याची शेड रिकामी होती. रफीक मोटार-पंप दुरुस्त करायचा. त्यानं एका मोडक्या पंपाच्या मोटरीवर लाकूड कातायचं लेथ बसवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी जमायचं. महिनाभरात जे काही कातलं असेल, लाटणं म्हणा, भोवरा म्हणा, पाळण्याची फुलं म्हणा, ते चादरीखाली नाव न सांगता ठेवायचं. मग माझे डोळे बांधायचे.

हा खेळ माझ्यापायी सुरू झाला. मी शिकलो चौथी, पण तीस वर्षं करवतीसमोर उभा होतो. माझं नाक लाकडाचं झालं होतं. नग हातात दिला की पहिलं लाकूड सांगायचं, मग ते कुठं वाढलं ते सांगायचं, आणि शेवटी कुणाच्या हातचं काम ते सांगायचं. सात वर्षांत मी तीनदा चुकलो, आणि त्यातल्या दोनदा मला पडसं होतं. गावात लोक मुद्दाम बघायला यायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरात बायको विचारत नव्हती, वखारीत मालक विचारत नव्हता, पण त्या स्टुलावर बसलो की मी राजा.

सटुप्पा या मंडळात कसा आला ते सरांना ठाऊक. पण एकदा आला तो चुकला नाही. सगळ्यांच्या आधी यायचा, शेड झाडायचा, लेथला तेल सोडायचा. कातायला मात्र त्याच्याकडं लाकूड नसायचं. आम्ही वखारीतले तुकडे विकत घ्यायचो. तो फळवाल्याकडनं आंब्याच्या फुटक्या पेट्या मागून आणायचा, फळ्या एकमेकींना चिकटवायचा आणि कातायचा. पेटीचं लाकूड ते. हत्यार लावलं की तंतू उचकटतात, भाकरी मोडल्यासारखं तुटतं. तरी त्यातनं तो काहीतरी करून आणायचा. हत्यारही त्याचं स्वतःचं, जुन्या कानशीला घासून केलेलं. त्या हत्याराचं टोक भांड्याच्या तळाला मधोमध पोचायचं नाही, म्हणून त्याच्या प्रत्येक नगाच्या आत तळाला ज्वारीएवढा एक दाणा राहायचा. मी म्हणायचो, “सटुप्पा, तुझी सही तेवढी तासून टाक.” तो म्हणायचा, “ऱ्हाऊ दे. तेवढीच वळख.”

त्याच्या आधीच्या महिन्यात त्यानं पेटीचीच एक वाटी आणली होती. कडेला चिरा, त्यात मेण भरलेलं. मी हातात घेतली आणि डोळे बांधलेलेच असताना म्हणालो, “हापूस. देवगड. वर्सापूर्वी खाल्लेला.”

शेड दणाणली. मग मला काय सुचलं, मी पंचा सोडला आणि पुढं बोललो. “सटुप्पा, जलमभर रान राखलंस. शिसवीखाली बसून भाकरी खातोस. आणि कातलंस काय, तर पेटी. मरायच्या आधी एकदा तरी लाकडाला हत्यार लाव बाबा.”

तोही हसला. सगळे गेल्यावर झाडता झाडता त्यानं मला विचारलं, “दौलू, चांगलं लाकूड कातताना हाताला येगळं लागतंय काय रं?”

मी म्हणालो, “लग्न न झालेल्याला संसार कसा सांगायचा? तुला सांगून कळायचं न्हाई.”

तो परत झाडायला लागला. मी घरी गेलो आणि विसरलो.

तर त्या रविवारी माझे डोळे बांधून झाले होते, आणि बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. बेनाडीकर सर खुर्ची सरकवून उठले.

“आले वाटतं. या या साहेब, या. मंडळी, हे आपले नवीन रेंजर, बोरकुटे साहेब. रस्त्याच्या कामात जी झाडं पाडली, त्यातले दोन ओंडके मंडळाला मिळतात का, म्हणून मी अर्ज केला होता. साहेब म्हणाले, आधी तुमचं काम बघतो.”

सरांनी आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. साहेब येतो न येतो, उगाच गाजावाजा कशाला, असा त्यांचा हिशेब.

माझ्या डाव्या अंगाचा विडीचा वास उठून उभा राहिला. “नमस्कार साहेब,” सटुप्पा म्हणाला.

“अरे, सटुप्पा, तुम्ही पण या मंडळात? छान की. बसा, बसा.” आवाज तरुण होता, बोलणं विदर्भाकडचं. त्याच्या मागनं आणखी दोन बुटांचे आवाज आत आले. एक ड्रायव्हर असणार आणि एक वनपाल.

“सर,” सटुप्पा म्हणाला, “साहेबास्नी आधी चा देऊया की. खेळाचं काय, नंतर बी हुईल.”

“चहा सांगितलाय. तोपर्यंत दौलूची करामत बघू दे त्यांना.”

“व्हय पर, साहेब दमून आल्यात…”

“सटुप्पा, गप बस की मर्दा,” मी म्हणालो. “साहेब काय पाव्हणा हाय व्हय जेवायला आलेला? लाकडाच्या खात्याचा माणूस हाय. त्यास्नी बघू दे.”

साहेब हसला. सटुप्पा बसला नाही. तो टेबलाच्या बाजूला सरकल्याचं मला कळलं, आणि सर म्हणाले, “अरे, चादर नको काढूस, मी देतो एकेक.” मग तो बसला.

पहिला नग सरांनी हातात दिला. लाटणं होतं. मी नुसतं तळव्यावर तोललं. “बाभूळ. बांधावरची. आणि काम सरांचं, कारण दोन्ही मुठी एकसारख्या न्हाईत. सर डोळ्यानं मापत्यात, पट्टीनं न्हाई.” सगळे हसले, साहेबानं टाळी वाजवली. दुसरा भोवरा. “पेरू. परड्यातला. रफीक, तुझ्या चुलत्यानं पाडला ना गेल्या साली?” रफीक म्हणाला, “या माणसाला पोलिसात घ्यायला पाहिजे.” आणखी हशा.

तिसरा नग हातात आला तसा हात खाली गेला. जड. मूठभर गोल, वर झाकण, झाकणाला धरायला बोंडूक. कुंकवाचा करंडा होता. हाताला इतका गार आणि गुळगुळीत लागला, की मी तो दोन्ही तळव्यांत फिरवतच राहिलो. मंडळात असलं लाकूड कधी आलं नव्हतं.

झाकण काढलं आणि आत नाक घातलं. करंड्याचं तेच असतं, वास आत कोंडून राहतो. गोडसर, जरा तिखट, सुकलेल्या गुलाबावर कुणी मिरी टाकावी तसा.

“शिसव,” मी म्हणालो.

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, थक्क झाले.

“जुन्या घराची न्हाई बरं का. पलंगाची, तुळईची असती तर धुराचा वास आला असता, खिळ्याचा गंज लागला असता. ही ताजी. औंदाची.”

कुणीतरी खोकलं. माझ्या पायावर पाय पडला. उजव्या अंगाला रफीक होता, त्याचा बूट मी ओळखला. मला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय, मला चुकवायला बघतंय. मी पाय काढून घेतला आणि आणखी रंगात आलो.

“थांब की रफीक. अजून कुठली ते ऱ्हायलं.” बुडाला काचेच्या तुकड्यानं किंचित खरवडायची मुभा होती. मी खरवडलं, नखानं रेषा चाचपल्या. “बांधावर एकटं वाढलेलं झाड न्हाई हे. उनात वाढलेल्या झाडाच्या रेषा रुंद असत्यात. ह्या बगा, केसागत बारीक. दाट सावलीत, गर्दीत, सावकाश वाढल्यालं. शंभराच्या वरचं झाड. आता आपल्या तालुक्यात शंभर वर्सांची शिसव ऱ्हायल्या कुठं? डाकबंगल्यापाठीमागं हुती, ती तोडून वीस वर्सं झाली. आता ऱ्हायली फकस्त एका जागी.”

“मामा, चा आला,” रफीक मोठ्यानं म्हणाला.

“आला तर पी. सातेरीची राई. वडाच्या खालच्या अंगाला, वळवाच्या वाऱ्यानं फांदी पडली म्हणत हुते न्हवं, तीच ही.”

असं म्हणून मी हात वर केला. एरवी इथं टाळ्या पडायच्या.

पत्र्यावर एक कावळा चालत होता. त्याची नखं ऐकू येत होती.

“आणि आता तिसरं,” मी म्हणालो, “हात कुणाचा.” अंगठा करंड्याच्या आत घातला आणि तळाला फिरवला. मधोमध अंगठ्याला दाणा लागला. ज्वारीएवढा.

मी अंगठा तिथंच ठेवला. पंच्याखाली डोळे उघडे होते आणि समोर नुसता काळोख. मला आठवलं की सटुप्पा चहाचं काय म्हणत होता, टेबलाकडं का सरकला होता, रफीकनं पाय का दाबला. सगळं एकदम आठवलं, आणि सगळं माझं बोलून झालं होतं.

“सांगा मामा,” साहेबाचा आवाज आला. हळू होता. “हात कुणाचा?”

“वळखला न्हाई साहेब.”

“असं कसं?”

“बाहेरचा दिसतोय. आमच्यातला न्हाई.”

“माझा आहे,” रफीक म्हणाला. “जुन्या पलंगाचा पाय होता आमच्या घरी. मामा आज चुकला. पडसं झालंय त्याला.”

“पण मामा तर आत्ताच म्हणाले, जुनं नाही.”

मी पंचा ओढून काढला. उजेडानं डोळे दिपले. बोरकुटे साहेब माझ्या पोराच्या वयाचा होता, साधा शर्ट, हातात चहाचा कप तसाच. त्याच्या मागं वनपाल भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडं बघत होता.

“साहेब,” मी म्हणालो, “मी फेकत हुतो. सात वर्सं मी फेकतोय. ही माणसं भोळी हायती, खरं मानत्यात. मला शिसव आणि लिंब यातला फरक कळत न्हाई. ह्या सरांस्नी इचारा.”

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना खोटं बोलताच येत नव्हतं, आणि खरं बोलायचं नव्हतं.

साहेबानं कप खाली ठेवला. माझ्या हातातनं करंडा घेतला, उलटा केला. मी खरवडलं होतं तिथं लाकूड ताजं, जांभळट दिसत होतं. त्यानं तिथं बोट फिरवलं.

“कुणाचं आहे हे?” त्यानं सगळ्यांकडं बघून विचारलं. तो रागानं बोलत नव्हता. मला अजून वाटतं, कुणी उत्तर देऊ नये असंच त्याला वाटत होतं.

आम्ही पाच माणसं गप्प बसलो. आणखी थोडा वेळ तसेच बसलो असतो तर चहा संपला असता, साहेब उठला असता, कोण जाणे काय झालं असतं.

सटुप्पा उभा राहिला. “माझा हाय साहेब.”

“सटुप्पा.”

“तोडली न्हाई. वळवानं मोडल्याली फांदी. हातभर तुकडा घेतला. बाकीची तितंच हाय.”

साहेबानं मागं वनपालाकडं बघितलं, मग सटुप्पाकडं, मग माझ्याकडं. “मामा,” तो म्हणाला, “एवढ्या माणसांत बोललात. आता मी ऐकलं नाही असं मला म्हणता येत नाही.”

त्यांनी त्याला जीपमध्ये बसवून नेलं नाही. साहेब म्हणाला, “उद्या सकाळी ऑफिसला या.” करंडा वनपालानं रुमालात बांधून नेला. बेनाडीकर सर दारापर्यंत गेले, ओंडक्यांचं कुणीच काढलं नाही.

संध्याकाळी मी सटुप्पाच्या घरी गेलो. तो परड्यात वैरण टाकत होता. यल्लूबाई चुलीपुढं. तिनं मला बघितलं आणि पाट दिला, नेहमीसारखा. ती चार शिव्या देईल म्हणून मी आलो होतो. तिनं चहा टाकला.

“भावजी,” ती म्हणाली, “तुमचं बोलणं साहेब ऐकतोय म्हनं.”

“कुठलं काय वैनी.”

“न्हाई, सकाळी ऐकलंच की. तुमी बोललासा म्हणून त्याला कळलं. तसंच उद्या जाऊन उलटं बोला. आदी बोललेलं खोटं म्हणा. तुमी म्हणालासा की शिसव, की शिसव झाली. आता आंबा म्हणा.”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की माझ्या तोंडात तेवढी ताकद आहे. मी कप दोन्ही हातांनी धरून बसलो.

सटुप्पा हात धुऊन आत आला. मी म्हणालो, “उद्या मी येतो संगं. जबाबात काय सांगायचं ते आपण ठरवू. वाटंवर पडला हुता म्हण. नदीतनं वाहून आला म्हण. कायबी म्हण.”

“बगू,” तो म्हणाला.

“बगू न्हाई. साहेब वाईट न्हाई, त्याला कागदावर कायतरी पायजे. तू पळवाट दिलीस तर तो घील.”

“चा पी. गार हुतोय.”

दुसऱ्या दिवशी मी वखारीतनं सुट्टी काढून, सरांना घेऊन साडेदहाला रेंज ऑफिसात पोचलो. सटुप्पा नऊलाच येऊन गेला होता. आम्हाला टाळायला लवकर आला होता, हे मला तिथं उभा राहिल्यावर कळलं.

साहेबानं आम्हाला बसायला सांगितलं.

“साहेब,” सर म्हणाले, “एकोणीस वर्षं त्या माणसानं राखण केली. हातभर पडकं लाकूड. आम्ही सगळे लिहून देतो की ते जुनं लाकूड होतं.”

“द्या. मी फाइलला जोडतो.” त्यानं एक कागद आमच्यापुढं सरकवला. “पण त्याचा जबाब हा आहे.”

सरांनी चष्मा लावून वाचून दाखवला. सटुप्पानं सगळं सांगितलं होतं. कुठली फांदी, कुठल्या दिवशी, कुठली कुऱ्हाड, किती लांब तुकडा, पोत्यात घालून कसा आणला. शेवटी असंही सांगितलं होतं की आठ वर्षांत हे एकदाच केलं आणि का केलं ते सांगता येत नाही. खाली सही. अक्षर चौथीतल्या पोरासारखं.

“मी त्याला दोनदा विचारलं,” साहेब म्हणाला. “म्हटलं, सटुप्पा, नीट आठवून सांगा, फांदी राईच्या हद्दीबाहेर पडली होती का? नाही म्हणाला. आत पडली होती, देवीसमोर. तिसऱ्यांदा विचारणार होतो, पण वनपाल लिहून घेत होते.”

“मग आता?”

“गुन्हा किरकोळ आहे, दंडावर मिटेल. पण गुन्हा नोंद झाला की नाव यादीतून काढावं लागतं. यादी जिल्ह्याला गेली आहे, मला तसं कळवावंच लागेल. मी नाही कळवलं तर वनपाल कळवतील. मामा, मी काय करू ते तुम्ही सांगा.”

असला साहेब कुणी बघितलाय? तो मला विचारत होता. सर उठले, मग मीही उठलो.

जाताना मी राईकडनं गेलो. सटुप्पा तिथंच होता, कडेच्या दगडावर बसलेला. यादीतलं नाव गेलं तरी त्या दिवसाची राखण करत होता.

“का खरं सांगितलंस?” मी विचारलं. “साहेब वाट करून देत हुता.”

“म्हाईत हाय.”

“मग?”

“खोटं बोललो असतो तर कायम झालो असतो,” तो म्हणाला. “मग रोज उठून हितंच यायचं हुतं की दौलू. आत कसा गेलो असतो?”

“माझ्यापायी झालं.”

“तू कुठं सांगितलं हुतंस राईतनं आण म्हणून?”

“कातलंस काय, तर पेटी, असं म्हणालो की.”

“व्हय,” तो म्हणाला. “त्ये म्हणालास.”

मी त्याच्याजवळ खाली बसलो. पाखरं तेवढी बोलत होती.

दोन महिन्यांनी यादीतल्या बाकीच्यांचे कागद आले. सटुप्पाला रोजावरही घेईनात. त्याच्या मेहुण्याचा पोरगा गोव्याला काजूच्या कारखान्यात होता, त्यानं तिथं राखणदाराची जागा बघितली. नवरा-बायको दोघं निघाली. मी स्टँडवर पोचवायला गेलो. रफीक येणार होता, पण ऐनवेळी आला नाही. मला म्हणाला होता, “मामा, मला त्याच्या तोंडाकडं बघायला होत नाही.” मला होत होतं असं नाही. पण मी गेलो नसतो तर कोण जाणार?

गोव्याची गाडी उशिरा होती. यल्लूबाई गाठोड्यावर बसली. आम्ही दोघं रसवंतीच्या सावलीला उभे राहिलो. त्यानं विडी काढली, मला एक दिली.

“मंडळ चालतंय?” त्यानं विचारलं.

“चालतंय. मी डोळं बांधत न्हाई आता.”

“का?”

“नाक गेलं.”

तो थोडा हसला. गाडी फलाटाला लागली, लोक धावले. मी गाठोडं उचलून दारात नेलं. यल्लूबाई चढली. तो पायरीवर एक पाय ठेवून थांबला आणि मागं वळला.

“दौलू, एक इचारू?”

“इचार की.”

“लाकडाचं समदं सांगितलंस त्या दिशी. काम कसं झालं हुतं, त्ये न्हाई सांगितलंस.”

मागनं माणसं ढकलत होती. मला वाटलं, म्हणावं एक नंबर. लई भारी. त्यानं मान डोलावली असती आणि गेला असता. पण तो माझ्याकडं असा बघत होता, जसं मंडळात बसून नग हातात घेतल्यावर बघायचा. त्याला कौतुक नको होतं.

“झाकण अडकत हुतं,” मी म्हणालो. “बाकी सगळं बरं हुतं. कड चांगली उतरली हुती. पर लाकूड वलं हुतं सटुप्पा. वलं कातलं की सुकताना वाकडं हुतंय, गोल ऱ्हात न्हाई. तुकडा वरीसभर सावलीत ठिवायचा आणि मग हत्यार लावायचं.”

त्यानं ते नीट ऐकून घेतलं.

“मला बी तसंच वाटलं,” तो म्हणाला. “फिरवताना लागत हुतं. वरीसभर थांबाय पायजे हुतं.”

वर्षभर थांबला असता तर कागद हातात आला असता, खाकी कपडा अंगात असता. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याच्या मनात तसलं काही नव्हतं. तो झाकणाचंच बोलत होता.

“पर कातताना लई ग्वाड लागलं रं,” तो म्हणाला. “तू म्हणाला हुतास तसंच. सांगून कळायचं न्हाई.”

कंडक्टर ओरडला, तो वर चढला. गाडी हलली तसा त्यानं खिडकीतनं हात बाहेर काढला. मला वाटलं, निरोपाचा हात आहे, म्हणून मीही वर केला. पण तो तीन बोटं एकत्र धरून हवेत फिरवत होता, सावकाश, उजवीकडं आणि परत डावीकडं. झाकण किती सैल बसायला पाहिजे होतं, ते मला दाखवत होता.